नदीकाठच्या जुन्या रानातून एक दिवस

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोकाला वसलेले आष्टी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यत्वे 16 ऑगस्ट 1942 च्या घटनेमुळे. त्या नागपंचमीच्या दिवशी पोलीस ठाण्यावर गेलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि ‘शहीदांची आष्टी’ हे नाव या गावाला कायमचे जडले. याच तालुक्याची दुसरी ओळख मात्र तालुक्याबाहेर फारशी पोचलेली नाही. पश्चिमेस वर्धा नदी व तिच्यावरील ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय, मधल्या पट्ट्यात कापूस, तूर आणि संत्र्यांच्या बागा, आणि उत्तर व पूर्व बाजूंस सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्यांवर पसरलेले सागाचे पानझडी रान, अशी ही भूमी आहे. टेकड्यांवरून उतरणारे नाले या रानातून वाट काढीत नदीला मिळतात. अशा एखाद्या नाल्याच्या काठाने विद्यार्थ्यांच्या वा ग्रामस्थांच्या गटाने हिवाळ्यातील एक दिवस पायी फिरावे, पाहावे आणि पाहिलेले टिपून ठेवावे, हा उपक्रम वरकरणी सहलीसारखा वाटतो. ग्रामपंचायतीच्या दृष्टीने त्याचे मोल सहलीहून पुष्कळ अधिक आहे. ते कसे, हे समजण्यासाठी नदीकाठचे रान म्हणजे काय याची थोडी फोड करावी लागेल.

वर्धा नदीचा उगम मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात, मुलताईच्या परिसरात होतो. त्याच पठारावरून तापी पश्चिमेकडे जाते आणि वर्धा दक्षिणेकडे वळते. अमरावती आणि वर्धा, पुढे यवतमाळ आणि चंद्रपूर अशा जिल्ह्यांच्या सीमा आखीत ती गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते आणि दोहींची प्राणहिता होते. योगायोग असा की, त्या संगमाच्या थोडे वर वैनगंगेच्या काठी आणखी एक आष्टी आहे. एका आष्टीजवळून निघालेले पाणी दुसऱ्या आष्टीच्या परिसरात जाऊन पोचते, हे भूगोलाच्या शिक्षकांनी वर्गात नकाशावर अवश्य दाखवावे.

जुने झाड ओढ्यालाच का सापडते?

वर्धा जिल्ह्यातील जंगल अस्पर्श नाही. ब्रिटिश अमदानीपासून या भागातील सागवान ठराविक वर्षांनी तोडले गेले. बुंध्यातून नवे फुटवे येऊ द्यायचे आणि ते जाड झाले की पुन्हा तोडायचे, अशी पद्धत होती. म्हणून टेकडीच्या उतारावर उभे राहिले असता बहुतेक झाडे एकाच वयाची, मनगटाएवढी ते मांडीएवढी दिसतात, आणि एका बुंध्यातून दोन-तीन खोडे निघालेली आढळतात. हे कापलेल्या रानाचे लक्षण होय.

ओढ्यात उतरले की देखावा बदलतो. तेथे दोन माणसांच्या कवेत न मावणारा अर्जुन भेटतो. पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा हा वृक्ष मुळे उघडी टाकून काठाचा मुरूम व माती घट्ट आवळून धरतो. त्याच्या शेजारी जांभूळ, करंज, उंबर, कळंब, कुठे हळदू आणि बेहडा. या झाडांवर चढलेले वेल माणसाच्या दंडाएवढे जाड असतात. मध्येच एखादे वाळलेले, पोकळ खोड उभे असते, एखादे आडवे पडून त्यावर भूछत्रे उगवलेली असतात. सर्व वयांची झाडे एकत्र, उंचीचे तीन-चार थर, मेलेल्या लाकडालाही जागा, ही जुन्या रानाची खूण मानली जाते.

हा फरक केवळ पाण्यामुळे पडलेला नाही. वनविभागाच्या कार्य आयोजनांत नदी-नाल्यांच्या दोन्ही काठांवरील सुमारे 20 मीटर रुंदीचा पट्टा तोडीतून वगळण्याचा दंडक आहे. उतार कोरून निघू नये, हा त्यामागचा हेतू. त्या एका तरतुदीने नकळत आणखी एक काम केले: सभोवतालचे रान पुन्हा पुन्हा तरुण होत राहिले आणि या चिंचोळ्या पट्ट्याला म्हातारे होण्याची सवड मिळाली. विदर्भात जुने रान पाहण्यासाठी नेहमीच दूर जावे लागते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे ‘वनवैभव’ प्रसिद्ध आहे. तेथील सुमारे 6 हेक्टर नैसर्गिक वनास 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आष्टीच्या ओढ्यांना तशी कीर्ती नाही, परंतु त्यांच्या काठी उभे असलेले पन्नास पावलांचे जुने रानही तेच धडे देते.

या पोकळ झाडांचे काय महत्त्व, असा प्रश्न एखादा सदस्य हमखास विचारील. राखी धनेश पक्ष्याचे उदाहरण त्याला पुरेसे आहे. या पक्ष्याची मादी उन्हाळ्याच्या तोंडी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिले वाढेपर्यंत नर त्या फटीतून तिला उंबर, वड, पिंपळ यांची फळे भरवितो. फळांच्या बिया रानभर पडतात, आणि वडपिंपळाची नवी रोपे अशाच पक्ष्यांच्या कृपेने उगवतात. तरुण सागाला ढोली नसते. म्हाताऱ्या झाडाला ‘निरुपयोगी’ म्हणून तोडले की धनेशाचे घर जाते, आणि त्या घराबरोबर उंबराच्या बियांची पेरणीही थांबते. अर्जुन आणि ऐन यांच्या पानांवर टसर रेशमाच्या अळ्या पोसल्या जातात, ही बाब भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील टसर उत्पादकांना सांगावी लागत नाही.

ओढ्याच्या पाण्याकडेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. आष्टीकडील बहुतेक नाले माघ-फाल्गुनात वाहायचे थांबतात. मग राहतात ते सावलीतले डोह आणि वाळूत हाताने उकरलेले झिरे. डोहावर झाडांची सावली असेल तर पाणी उशिरा आटते. मासे, खेकडे, चतुरांच्या अळ्या त्याच पाण्यात पुढच्या पावसाची वाट पाहतात. रानातील जनावरांचा उन्हाळाही त्याच डोहांवर निघतो. काठावरची झाडे गेली की डोहावर ऊन पडते आणि पुढचा पूर काठ खातो. वाहून आलेल्या मातीने डोह भरून गेला की पाणवठाच नाहीसा होतो. तहानलेले रानडुक्कर, रोही आणि त्यांच्या मागोमाग बिबट्या शेताकडे वळतात. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करताना तलाठ्यांनी व वनरक्षकांनी हा दुवा ध्यानी ठेवावा.

वाट निवडताना

सर्वांत आधी परवानगी. आरक्षित वनात विनापरवाना प्रवेश हा भारतीय वन अधिनियम, 1927 खाली अपराध ठरतो. संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आठ-पंधरा दिवस अगोदर गटाची यादी, वाट आणि वेळ कळवून लेखी अनुमती घ्यावी. वनरक्षक सोबत मिळाला तर उत्तमच. जिल्ह्यातील बोर अभयारण्य (1970 मध्ये घोषित, 2014 पासून व्याघ्र प्रकल्प) या कामासाठी योग्य नाही. तेथे पर्यटन ठरवून दिलेल्या मार्गाने वाहनातूनच करावयाचे असते. पायी फिरण्यासाठी प्रादेशिक वनातील गावालगतची वाट निवडावी.

तथापि प्रादेशिक वनातही वाघ येत नाही असे कोणी गृहीत धरू नये. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाने 2019 मध्ये गळ्यात रेडिओ पट्टा असताना हजार किलोमीटरहून अधिक मजल मारून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. शेते, रस्ते, नाले ओलांडीत तो गेला. 2018 मध्ये चंद्रपूरकडून निघालेला दुसरा एक वाघ अमरावती जिल्ह्यातून मध्य प्रदेशात पोचला. वाटेत धामणगाव रेल्वे तालुक्यात दोन माणसांचे प्राण गेले. अशा भटकंतीत नाल्यांच्या काठची झाडी वाघाला आडोसा देते. म्हणून ताज्या खुणांची माहिती वनरक्षकाकडून आदल्या दिवशी घ्यावी, आणि शंका असल्यास कार्यक्रम पुढे ढकलावा. त्यात कमीपणा नाही.

वाट खालून वर, म्हणजे शेताकडून रानाकडे न्यावी. प्रारंभी संत्र्यांची बाग आणि उघडा, कोरलेला नाला दिसावा. मग विरळ, चरलेले झुडुपी रान. आणि अखेरीस सावलीतला ओढा. या क्रमाने पाहिले की शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. संत्र्याच्या पट्ट्यात, विशेषतः नदीपलीकडच्या वरुड-मोर्शी भागात, विंधन विहिरींनी भूजलाचा उपसा किती खोल गेला आहे हे सर्वश्रुत आहे. ओढा पूर्वी किती महिने वाहत असे, ही गोष्ट गटातील वयोवृद्धाला तेथेच विचारावी.

असा वयोवृद्ध कोण, हा प्रश्न आष्टी-कारंजा भागात अवघड नाही. हा गवळाऊ गायींचा मुलूख आहे. पांढऱ्या, चपळ, शेतीच्या व गाडीच्या कामाला वाखाणल्या गेलेल्या या गोवंशाचे पालन करणारे नंद गवळी पिढ्यान्‌पिढ्या याच रानात गुरे चारीत आले. कोणत्या डोहाला जेठातही पाणी असते, कोणत्या झाडाचा पाला जनावर खात नाही, कोणत्या दरडीवर आग्या मोहोळ बसते, हे त्यांना तोंडपाठ असते. वन अधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी पक्ष्यांची, झाडांची स्थानिक नावे जमविण्यात आयुष्य घालविले, ती नावे त्यांना अशाच माणसांच्या तोंडून मिळाली. शाळेने एखाद्या गुराख्याला पाहुणा व्याख्याता म्हणून रीतसर आमंत्रण द्यावे आणि त्याचा दिवसाचा रोज बुडणार असेल तर तो द्यावा. पुस्तकी पाहुण्याला प्रवासभत्ता देताना आपण का-कू करीत नाही.

अंतर जाऊन-येऊन सहा ते आठ किलोमीटरपेक्षा अधिक नसावे. ओढ्याच्या पात्रातील गोट्यांतून मुलांचा गट तासाला दोन किलोमीटर चालला तरी पुष्कळ. डिसेंबरात या भागात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला, कुठेही असो, परतीला लागावे. गट तीसच्या आत, दर दहा मुलांमागे एक जाणता माणूस, पुढे वाट माहीत असलेला आणि मागे सर्वांत शांत डोक्याचा. प्रत्येक वळणावर मोजणी. ध्वनिक्षेपक, गाणी, सुगंधी तेले आणि अत्तरे घरी ठेवावीत. शेवटच्या दोहींचा संबंध मधमाश्यांशी आहे. आग्या मोहोळ उठले तर झाडी धरून लांब पळावे, तोंड-डोके कापडाने झाकावे आणि पाण्यात उडी मारू नये. माश्या वर घोंघावत राहतात आणि डोहाच्या तळाचा भरवसा नसतो.

चूल पेटवू नये. वणव्याचा हंगाम शासन दप्तरी 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो, परंतु सागाची वाळली पाने डिसेंबरातही पेट घेतात. भाकरी, झुणका, ठेचा आणि दोन संत्री एवढी शिदोरी पुरते. संत्र्याच्या साली, प्लास्टिकच्या पिशव्या जशा नेल्या तशा परत आणाव्यात. पिण्याचे पाणी माणशी किमान दोन लिटर सोबत हवे. डोहातील पाणी कितीही नितळ दिसले तरी ते जनावरांच्या वाट्याचे आहे. सर्पदंश झाल्यास बांधाबांधी, चिरा, मंत्र यांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ग्रामीण रुग्णालय गाठावे. वन्यप्राण्याविषयी मदतीसाठी वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. रानात दूरध्वनीला संकेत मिळत नाही, म्हणून कोणत्या टेकडीवर तो मिळतो हे आदल्या फेरीतच पाहून ठेवावे. आदली फेरी न मारता मुलांना घेऊन जाणे, हे या सर्व उपक्रमातील एकमेव अक्षम्य दुर्लक्ष होय.

पाण्याशी खेळ नको

नदीकाठच्या फिरतीत सर्वांत मोठा धोका वाघाचा नसतो, पाण्याचा असतो. 14 सप्टेंबर 2021 रोजी आष्टीच्या नदीपलीकडे, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच परिवारातील व नात्यातील 11 जण बुडाले. दशक्रियेसाठी जमलेली ती मंडळी होती. दुःखाच्या दिवशी आलेल्यांवर दुसरे दुःख कोसळले. तो प्रसंग या दोन्ही तीरांवरील गावे अद्याप विसरलेली नाहीत.

मुख्य नदी आणि जलाशय यांच्या काठी गट नेऊ नये, नावेत तर बसवूच नये. सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरण 1993 मध्ये पूर्ण झाले. त्याला 13 दरवाजे आहेत. जलाशयाचे, म्हणजे नल-दमयंती सागराचे, पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की दरवाजे उघडतात आणि खालच्या पात्रात आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही येतो, म्हणून दिवाळीनंतरचा काळच सुरक्षित मानावा. लहान ओढ्यालाही हाच न्याय. डोंगरात पडलेली सर खाली दिसत नाही. पाण्याचा रंग गढूळला, काड्या-पाने वाहू लागली, आवाज बदलला की क्षणाचाही विलंब न लावता काठावर चढावे आणि पाणी ओसरेपर्यंत ओलांडण्याचा विचार करू नये. गुडघ्यापेक्षा अधिक खोल आणि वाहते पाणी मुलांनी कधीही ओलांडू नये. डोहात पोहण्याची परवानगी कोणालाही, शिक्षकांनाही, नसावी.

दिवसाचे काम

नुसते पाहून येण्याने दिवस सत्कारणी लागतो, परंतु पंचायतीच्या हाती काही पडत नाही. म्हणून दोन-तीन मोजण्या कराव्यात. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर झाडाचा घेर मोजण्याची वनखात्याची रीत आहे. शिंप्याची फीत आणि सुतळी यांनी पाचवीची मुलेही ती करू शकतात. काठालगत एक आणि उतारावर एक असा दहा मीटर लांब-रुंद चौकोन दोरीने आखावा. दोहोंत मोठी झाडे किती, किती जातींची, गुडघाभर रोपे किती, ते लिहावे. काठावर म्हातारे अर्जुन पाच आणि अर्जुनाचे रोप एकही नाही, असे आढळले तर ती गोष्ट गंभीर समजावी. चराई, वणवा किंवा वाळूउपसा यांपैकी कशाने तरी पुढची पिढी खुंटली आहे. आजची सावली ही शेवटची सावली आहे.

हाच मुद्दा ग्रामसभेपुढे जावयास हवा. वनहद्दीत 20 मीटरचा पट्टा राखला जातो, पण ओढा गायरानात आणि खाजगी शेतात उतरला की त्याचे रक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमांवर अवलंबून राहते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, मोह, ऐन, हळदू, जांभूळ, खैर अशी झाडे आहेत. ज्याच्या मुळांवर काठ उभा आहे तो अर्जुन तीत नाही, उंबर आणि करंजही नाहीत. जमीन महसूल संहितेखालील 1967 च्या नियमांत जलप्रवाहाच्या काठापासून 30 मीटरच्या आतील झाडांच्या तोडीवर निर्बंध घातलेला आहे. ही तरतूद गावपातळीवर फारशी कोणाच्या वाचनात नसते. तलाठी, ग्रामसेवक व सरपंच यांनी ती काढून एकदा ग्रामसभेत वाचून दाखविली, तरी पुष्कळ कुऱ्हाडी थबकतील.

जैविक विविधता अधिनियम, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही एकदा भरली गेली आणि कपाटात गेली. पदभ्रमणातील मोजण्या, गुराख्याने सांगितलेली डोहांची व झाडांची नावे, ओढा कोणत्या महिन्यात आटला, या नोंदी दरवर्षी त्याच वहीत उतरवल्या तर ती जिवंत राहील. झाडाची जागा सांगताना शेताचा गट क्रमांक किंवा वनाचा कक्ष क्रमांक लिहावा. ‘मोठ्या दगडाजवळ’ असे लिहिल्यास पुढच्या वर्षी दगड सापडत नाही. औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणे मात्र उघड्या फलकावर लावू नयेत.

एखाद्या ओढ्याचा तुकडा खरोखरच असाधारण आढळला, तर समितीला पुढचे पाऊल टाकता येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे ग्रामस्थांनी भालांडेश्वराची देवराई म्हणून जपलेली रानजायफळाची पाणथळ राई अवघी 2.59 हेक्टर आहे. तिला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून शासनाची मान्यता मिळाली. असा प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या ठरावानिशी नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावयाचा असतो, आणि त्यासोबत जोडावयाच्या माहितीत झाडांची यादी, घेर, पाण्याचे महिने आणि स्थानिक नावे यांचाच भरणा असतो.